दोन डॉलर तेरा सेंट

वॉशिंग्टन डीसी शहराच्या मतदारांनी एकाच प्रश्नावर दोनदा कौल दिला आणि दोन्ही वेळा तो नगर परिषदेने फिरवला. प्रश्न असा होता: रेस्टॉरंटमधल्या वेटरला मालकाने बाकीच्या कामगारांइतकंच किमान वेतन द्यायचं, की गिऱ्हाईक टिप देतं म्हणून त्याहून कमी दिलं तरी चालेल? जून २०१८ मध्ये 'इनिशिएटिव्ह ७७' या नावाने हा प्रश्न पहिल्यांदा मतपत्रिकेवर आला. त्या वेळी शहरातलं किमान वेतन तासाला १२.५० डॉलर होतं, पण टिप मिळवणाऱ्या कामगाराला मालकाने ३.३३ डॉलर दिले तरी कायद्याने ते पुरेसं होतं. सुमारे ५५ टक्के मतदार म्हणाले, हा फरक मिटवा. चार महिन्यांत परिषदेने ८ विरुद्ध ५ मतांनी तो निकाल रद्द केला.

प्रस्तावाच्या समर्थकांनी पुन्हा सह्या गोळा केल्या. नोव्हेंबर २०२२ मध्ये तोच प्रश्न 'इनिशिएटिव्ह ८२' म्हणून परत आला आणि या वेळी ७४ टक्के मतं त्याच्या बाजूने पडली. परिषदेला एवढा मोठा कौल लगेच मोडणं जमलं नाही. मे २०२३ मध्ये टिपवाल्या कामगारांचं मूळ वेतन ५.३५ वरून ६ डॉलर झालं, दोन महिन्यांत ८ आणि जुलै २०२४ मध्ये १० डॉलर. जुलै २०२५ मध्ये १२ व्हायचं होतं आणि २०२७ पर्यंत सगळ्यांचं वेतन एक व्हायचं होतं. पण १२ चा टप्पा आलाच नाही. महापौर म्युरिएल बाउझर यांनी अर्थसंकल्पातूनच हा कायदा मागे घेण्याचा प्रस्ताव मांडला, जूनमध्ये परिषदेने वाढ थांबवली आणि जुलैअखेर ७ विरुद्ध ५ मतांनी तडजोड झाली. ठरलं ते असं: मूळ वेतन १० डॉलरवरच राहील, जुलै २०२६ पासून ते किमान वेतनाच्या ५६ टक्के होईल आणि हळूहळू वाढत २०३४ मध्ये ७५ टक्क्यांवर थांबेल. मतदारांनी शंभर टक्के मागितले होते.

एवढ्या खटाटोपाच्या मुळाशी आहे 'टिप क्रेडिट' ही अमेरिकी कायद्यातली सवलत. देशाचं किमान वेतन तासाला ७.२५ डॉलर आहे आणि २००९ पासून ते एका सेंटनेही वाढलेलं नाही. टिप मिळवणाऱ्या कामगाराला मात्र मालकाने स्वतःच्या गल्ल्यातून फक्त २.१३ डॉलर द्यायचे असतात. उरलेले ५.१२ डॉलर गिऱ्हाइकांच्या टिपांमधून आले असं धरलं जातं. टिपा कमी पडल्या तर फरक मालकाने भरावा, असं कायदा सांगतो. महिन्याला ३० डॉलरपेक्षा जास्त टिप नेहमी मिळत असेल, तर तो कामगार या वर्गात मोडतो.

कागदावर हे रास्त वाटतं. पण कायदा टिपांची बेरीज तासाला किंवा दिवसाला करत नाही, आठवड्याला करतो. समजा, एका वेट्रेसने आठवड्यात ३० तास काम केलं. सोमवार ते गुरुवार दुपारच्या शिफ्टला २० तास, आणि त्यात टिपा आल्या ५० डॉलर. शुक्रवार-शनिवारच्या रात्री १० तास, त्यात आल्या १२० डॉलर. एकूण १७० डॉलर. मालकाचे ३० तासांचे ६३.९० डॉलर त्यात मिळवले की २३३.९०, आणि किमान वेतनाने व्हायला हवेत २१७.५०. म्हणजे हिशेब कायद्यात बसला, मालकाने वर एक पैही द्यायची नाही. पण दुपारच्या त्या २० तासांत तिच्या हाती तासाला फक्त ४.६३ डॉलर पडले. शनिवारच्या रात्री तिने धावपळ करून मिळवलेल्या टिपा मालकाची मंगळवार दुपारची जबाबदारी भागवायला गेल्या.

त्या रिकाम्या दुपारी ती नुसती उभी नसते. गिऱ्हाईक नसलं की वेटरच्या मागे 'साइड वर्क' लागतं: सुरी-काटे पुसून नॅपकिनमध्ये गुंडाळून ठेवायचे, केचपच्या बाटल्या आणि मीठ-मिरीच्या डब्या भरायच्या, खुर्च्या टेबलांवर चढवून फरशी झाडायची. या कामाला कोणी टिप देत नाही, तरी वेतन टिपवाल्याचंच. अशा कामाला आठवड्याच्या २० टक्के वेळेची मर्यादा घालणारा केंद्रीय नियम होता. तो ऑगस्ट २०२४ मध्ये पाचव्या सर्किटच्या अपील न्यायालयाने रद्दबातल ठरवला. करही याच तुटपुंज्या मूळ पगारातून कापला जातो आणि तो टिपांवरचाही असतो. त्यामुळे टेक्सास किंवा जॉर्जियासारख्या राज्यांत पगाराच्या चेकवर शून्य रक्कम छापून येणं वेटर लोकांना नवीन नाही.

टिपची पद्धत अमेरिकेत युरोपातून आली, श्रीमंत प्रवाशांबरोबर. ती रुजली गुलामगिरी संपल्यानंतरच्या काळात. जॉर्ज पुलमन यांच्या कंपनीने रेल्वेच्या शयनडब्यांत पोर्टर म्हणून कृष्णवर्णीय माणसं भरती केली. त्यातली बरीचशी पूर्वी गुलाम होती. पगार अगदी कमी, बाकी प्रवाशांनी द्यावं, अशी ती व्यवस्था होती. ज्याला मजुरी द्यायची त्याला बक्षिसीवर जगवायचं, ही कल्पना तिथे धंद्याचा पाया बनली. याविरुद्ध त्या काळी रागही होता. १९०९ मध्ये वॉशिंग्टन राज्याने टिप देण्या-घेण्यावर बंदी आणली, आणखी पाच राज्यांनी तेच केलं. पण १९२६ पर्यंत हे सगळे कायदे मोडीत निघाले. पुलमनच्या पोर्टरांनी १९२५ मध्ये ए. फिलिप रँडॉल्फ यांच्या नेतृत्वाखाली संघटना बांधली आणि १९३७ मध्ये कंपनीला करार करायला लावला. रेस्टॉरंटच्या कामगारांना असा रँडॉल्फ मिळाला नाही.

१९३८ मध्ये रूझवेल्ट यांच्या काळात देशाचा पहिला किमान वेतन कायदा आला, तासाला २५ सेंटचा. त्यातून हॉटेल आणि रेस्टॉरंटचे कामगार वगळलेले होते. त्यांना कायद्याच्या छपराखाली यायला १९६६ उजाडलं, आणि तेही अर्धवट: किमान वेतनाचा अर्धा भाग टिपांतून धरायची मुभा मालकांना मिळाली. निदान अर्ध्याचं नातं तरी होतं. किमान वेतन वाढलं की टिपवाल्याचंही वाढायचं. १९९१ मध्ये किमान वेतन ४.२५ डॉलर झालं, त्याचा अर्धा भाग २.१३. मग १९९६ मध्ये अमेरिकी संसदेने, म्हणजे काँग्रेसने, किमान वेतन वाढवताना रेस्टॉरंट मालकांच्या दबावाखाली हे नातंच तोडलं. २.१३ चा आकडा तिथेच गोठला. १९९१ मध्ये जन्मलेली मुलगी आज त्याच २.१३ डॉलरवर टेबलं सांभाळत असेल, आणि अमेरिकेच्या कायद्याला त्यात वावगं काही दिसत नाही. ही लाजिरवाणी गोष्ट आहे.

काँग्रेस राजकारणात अडकली की लढाई राज्यांत आणि शहरांत उतरते. कॅलिफोर्निया, ओरेगन, वॉशिंग्टन राज्य, नेवाडा, मोंटाना, मिनेसोटा आणि अलास्का या सात राज्यांत टिप क्रेडिट नाही. तिथे मालक पूर्ण किमान वेतन देतो आणि टिप त्यावर. सिएटल शहराने २०१४ मध्ये १५ डॉलरचा वटहुकूम काढताना लहान मालकांना टिपा आणि आरोग्यविम्याचा खर्च हिशेबात धरायची तात्पुरती मुभा दिली होती. ती १ जानेवारी २०२५ ला संपली आणि त्या दिवसापासून सिएटलमध्ये सगळ्यांना तासाला २०.७६ डॉलर लागू झाले. सॅन फ्रान्सिस्कोतही वेटरचं मूळ वेतन १९ डॉलरच्या वर आहे. दोन्ही शहरांत रेस्टॉरंटं भरलेली असतात आणि गिऱ्हाईक टिपही ठेवतं.

पण शहराची हद्द छोटी असते. वॉशिंग्टन डीसीतून पोटोमॅक नदीवरचा पूल ओलांडला की व्हर्जिनिया, आणि तिथे मालकाच्या खिशातून द्यायची रक्कम पुन्हा २.१३. दुसऱ्या बाजूला मेरीलँडमध्ये ३.६३. म्हणजे एकाच मेट्रोच्या मार्गावर तीन वेगळी मूळ वेतनं. डीसीतले रेस्टॉरंट मालक हेच पुढे करतात: भाडं आमचं जास्त, वेतन आमचं जास्त आणि गिऱ्हाईक दोन स्टेशनं पुढे जाऊन स्वस्तात जेवू शकतं. ही तक्रार खोटी म्हणून झटकता येणार नाही. रेस्टॉरंटच्या धंद्यात नफ्याचं प्रमाण मुळातच थोडं असतं, आणि करोनानंतर कच्च्या मालाचे आणि भाड्याचे भाव चढले ते उतरले नाहीत. मात्र या तक्रारीतून खरा निष्कर्ष निघतो तो व्हर्जिनियाचे २.१३ बदलायला हवेत, हा. डीसीचे १० खाली खेचावेत, हा नव्हे.

टिप क्रेडिट संपवण्याला सगळ्यात मोठा आवाज करून विरोध करणाऱ्यांमध्ये खुद्द वेटर आणि बारटेंडर होते, हे बाहेरच्या माणसाला चक्रावून टाकतं. २०१८ मध्ये वॉशिंग्टनच्या कितीतरी बारमध्ये कामगारांच्या शर्टावर 'आमच्या टिपा वाचवा' असे बिल्ले दिसत होते. मेन राज्यात २०१६ च्या सार्वमताने टिप क्रेडिट संपवलं, तेव्हा वेटर मंडळी ऑगस्टा या राजधानीच्या शहरात जाऊन आमदारांपुढे उभी राहिली, आणि २०१७ मध्ये विधिमंडळाने ते परत आणलं. मॅसॅच्युसेट्समध्ये नोव्हेंबर २०२४ मध्ये टिप क्रेडिट संपवण्याचा प्रस्ताव मतदारांनी जवळपास ६४ टक्के मतांनी फेटाळला.

या वेटर मंडळींची भीती समजून घेण्यासारखी आहे. चांगल्या रेस्टॉरंटमध्ये, बारच्या काउंटरमागे, शुक्रवारच्या रात्री दोनशे-तीनशे डॉलर कमावणाऱ्याला मूळ वेतन दोन डॉलरचं की सतराचं याने फारसा फरक पडत नाही. त्याला धास्ती असते ती गिऱ्हाइकाची. मालक पुरेसा पगार देतो हे कळलं की गिऱ्हाईक वीस टक्क्यांवरून दहावर येईल, किंवा मालक शिफ्ट कमी करेल. ही माणसं मालकांनी फितवलेली आहेत असं म्हणणं अन्यायाचं होईल. पण ती कमाई सगळ्यांची नसते, हेही तितकंच खरं. स्टेक हाउसमधला बारटेंडर आणि महामार्गावरच्या पॅनकेकच्या दुकानात सकाळी सहाला कॉफी ओतणारी वेट्रेस एकाच कायद्याखाली येतात. बिल्ले लावून सभागृहात येणं पहिल्याला परवडतं. दुसरीला ती सकाळ बुडवता येत नाही.

कॉर्नेल विद्यापीठातले प्राध्यापक मायकेल लिन यांनी टिपचा अभ्यास वर्षानुवर्षं केला आहे. सेवा किती चांगली आणि टिप किती, यांचा संबंध त्यांना फार क्षीण आढळला. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या एका अभ्यासात गिऱ्हाइकांनी कृष्णवर्णीय वेटरना गोऱ्यांपेक्षा कमी टिप दिल्याचं दिसलं. पगारात असा भेद मालकाने केला तर त्याच्यावर खटला चालतो. तोच भेद टेबलावर बसलेल्याने केला तर दाद मागायला जागा नाही. स्त्रियांच्या बाबतीत हे आणखी बोचरं आहे. कमरेला हात लावणाऱ्या गिऱ्हाइकाला खडसावलं तर त्या टेबलाची टिप जाते, आणि टिप म्हणजेच घरभाडं असेल तर वेट्रेस खडसावायच्या आधी दोनदा विचार करते. टिप क्रेडिटविरुद्धच्या चळवळीच्या आघाडीवर असलेल्या भारतीय वंशाच्या वकील सरू जयरामन हा मुद्दा सातत्याने मांडत आल्या आहेत. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यात वर्ल्ड ट्रेड सेंटरच्या माथ्यावरचं 'विंडोज ऑन द वर्ल्ड' रेस्टॉरंट नष्ट झालं. तिथल्या वाचलेल्या कामगारांना घेऊन त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी संघटना उभी केली. आज 'वन फेअर वेज' या त्यांच्या संस्थेचं नाव जवळजवळ प्रत्येक शहरातल्या या लढ्यात निघतं.

डीसीत कायदा लागू झाल्यावर घोळ झाला तो बिलावर. वाढलेलं वेतन पदार्थांच्या किमतीत मिळवण्याऐवजी अनेक मालकांनी बिलाच्या तळाशी सर्व्हिस चार्ज लावला, कुठे तीन टक्के तर कुठे वीस. दोघांच्या जेवणाचं ८० डॉलरचं बिल समोर आलं, असं समजा. त्याखाली १० टक्के कर, ८ डॉलर. मग 'सर्व्हिस चार्ज २० टक्के', १६ डॉलर. आणि त्याखाली पुन्हा एक मोकळी ओळ: टिप. गिऱ्हाइकाला वाटतं, १६ डॉलर वेटरला मिळालेच, आता आणखी कशाला? प्रत्यक्षात टिपवर कायद्याने हक्क कामगाराचा असतो, मालकाला किंवा मॅनेजरला त्यातला पैसाही घेता येत नाही. २०१८ मध्ये काँग्रेसने ते स्पष्टच केलं. सर्व्हिस चार्ज मात्र मालकाचं उत्पन्न. तो पगाराला वापरतो, विम्याला वापरतो की भाड्याला, हे त्याच्या मनावर. वॉशिंग्टनच्या ॲटर्नी जनरलच्या कार्यालयाने २०२३ मध्ये मालकांना बजावलं की असा चार्ज ऑर्डर घेण्याआधीच ठळकपणे कळवला पाहिजे आणि तो कशासाठी वापरला जातो हेही सांगितलं पाहिजे. तोवर लोकांचा विश्वास बराच ढळला होता, आणि 'कायद्यामुळे टिपा कमी झाल्या' ही वेटरची तक्रार ठिकठिकाणी ऐकू येऊ लागली. ती तक्रार कायद्याच्या नावावर गेली. त्यातला मोठा वाटा बिलावरच्या त्या एका ओळीचा होता, आणि परिषदेने ती ओळ पहिल्याच दिवशी बांधून घेतली असती तर पुढची दोन वर्षं वेगळी गेली असती.

भटारखान्याची गोष्ट या वादात मागेच राहते. भांडी घासणारा आणि चुलीपाशी बारा तास उभा असलेला स्वयंपाकी यांना टिप मिळत नाही. जिथे टिप क्रेडिट चालतं तिथे वेटरच्या टिपांतून त्यांना वाटा द्यायला मालकाने भाग पाडणंही बेकायदा आहे. मालक सगळ्यांना पूर्ण किमान वेतन देत असेल तरच टिपांचा सामायिक गल्ला स्वयंपाकघरापर्यंत नेता येतो, अशी मोकळीक २०१८ च्या त्याच कायद्याने दिली. न्यूयॉर्कचे नावाजलेले रेस्टॉरंटमालक डॅनी मायर यांनी बाहेरची आणि आतली ही दरी बुजवण्यासाठी २०१५ मध्ये आपल्या रेस्टॉरंटांतून टिप बंद करायला घेतली आणि किमती वाढवल्या. शेजारची रेस्टॉरंटं मेन्यूवर कमी किंमत छापत राहिली, टिपांवर चांगलं कमावणारे वेटर सोडून गेले आणि जुलै २०२० मध्ये मायर यांनी प्रयोग गुंडाळला. एकट्या मालकाच्या चांगुलपणाने हे होत नाही. नियम सगळ्या गावाला एक लागतो.

शिकागोने तो घालून दिला. ६ ऑक्टोबर २०२३ ला तिथल्या नगर परिषदेने ३६ विरुद्ध १० मतांनी टिप क्रेडिट पाच वर्षांत संपवायचं ठरवलं. मूळ प्रस्ताव दोन वर्षांचा होता. मालकांच्या संघटनेशी बोलणी करून तो पाच वर्षांवर आणला, आणि त्यामुळे विरोधाची धार बरीच बोथट झाली. आधी टिपवाल्यांचं वेतन किमान वेतनाच्या ६० टक्के होतं. दर १ जुलैला ते किमान वेतनाच्या ८ टक्क्यांनी वर सरकवायचं ठरलं. २०२४ मध्ये ११.०२ डॉलर, २०२५ मध्ये १२.६२, जेव्हा शहराचं किमान वेतन १६.६० होतं. सगळ्याच शहरांना हे करता येत नाही. अलाबामातल्या बर्मिंगहॅमने २०१६ मध्ये स्वतःचं किमान वेतन १०.१० डॉलर ठरवलं, तर राज्याच्या विधिमंडळाने घाईघाईने कायदा करून शहरांचा तो अधिकारच काढून घेतला. कोलोरॅडोने २०२५ मध्ये उलट्या दिशेची वाट उघडली: शहरांना टिप क्रेडिट वाढवायची, म्हणजे वेटरचं मूळ वेतन कमी करायची मुभा.

अर्थशास्त्रज्ञांचं यावर एकमत नाही. विल्यम इव्हन आणि डेव्हिड मॅकफर्सन यांच्या अभ्यासानुसार टिपवाल्यांचं किमान वेतन वाढलं की उरलेल्यांची कमाई वाढते, पण काही नोकऱ्या जातात. सिल्व्हिया अलेग्रेटो यांच्या कामात कमाई वाढलेली दिसते आणि नोकऱ्यांवर म्हणण्यासारखा परिणाम दिसत नाही. दोन्ही बाजू कमाई वाढते हे मान्य करतात, एवढं तरी ध्यानात घ्यावं.

आणि टिपा कमी पडल्या तर मालकाने फरक भरून देण्याची ती हमी? केंद्रीय कामगार खात्याने २०१० ते २०१२ या काळात जवळपास ९,००० रेस्टॉरंटं तपासली. त्यातल्या सुमारे ८४ टक्के ठिकाणी वेतन कायद्याचा कुठला ना कुठला भंग सापडला. ज्या कामगाराच्या शिफ्ट मालकाच्या हातात आहेत, तो दर आठवड्याला टिपांची वही घेऊन मालकाकडे फरक मागायला जाईल, यावर उभी असलेली हमी कागदावरच राहणार. २०२५ मध्ये टिपांवर २५,००० डॉलरपर्यंत आयकरात वजावट देणारा कायदा झाला आणि त्याचा मोठा गाजावाजा झाला. पण पॅनकेकच्या दुकानातल्या वेट्रेसची कमाई इतकी कमी असते की तिला मुळात आयकर फारसा लागतच नाही, आणि तिच्या २.१३ ला त्या कायद्याने हात लावलेला नाही.

पुण्या-ठाण्याहून लेकाकडे किंवा लेकीकडे सहा महिने राहायला जाणाऱ्या आई-वडिलांना वीस टक्के टिप हा अमेरिकेतला एक मोठा धक्का असतो. जेवण ठीकच होतं, मग एवढे पैसे का, असा वाद टेबलावर रंगतो. भारतात किमान वेतनाच्या हिशेबात टिप धरली जात नाही, त्यामुळे तो प्रश्न पडणं साहजिक आहे. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये आयटीसीच्या हॉटेलांसंबंधीच्या आयकर खटल्यात म्हटलं की टिप गिऱ्हाईक आपल्या राजीखुशीने देतं, मालकाने दिलेला तो पगार नव्हे. अमेरिकेच्या बहुतेक राज्यांत कायदा नेमकं उलटं गृहीत धरतो. तिथे ती राजीखुशी पगाराचाच भाग आहे आणि टेबलावर नोट न ठेवता उठणं म्हणजे कुणाचे तरी कामाचे तास फुकट जाणं. म्हणून ह्यूस्टन किंवा अटलांटात जेवताना टिपमध्ये हात आखडता घेऊ नये. वॉशिंग्टनमध्ये बिलावर सर्व्हिस चार्ज दिसला तर 'हे पैसे तुम्हाला मिळतात का?' असं वेटरला सरळ विचारावं. बहुतेक जण खरं सांगतात, आणि कोणी विचारलं याचं त्यांना बरंही वाटतं.